पिंगची स्क्रिप्ट लिहिणारे अडाणी, म्हणे!

मळ्यातला_मी:
परवा एकाने ज्ञान दिलं की शेल स्क्रिप्टने, म्हणजे कमांड लिहिलेल्या एका फाइलने, नेटवर्कवरची मशिनं जिवंत आहेत का बघणं हा पोरखेळ आहे, शहाण्याने सरळ झॅबिक्स हे नेटवर्कवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर टाकावं, बाकी सगळे जुगाडू. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

माझ्याकडे पणजीत एक ऑफिस, वेर्ण्याला एक, मिळून साठेक यजमान, म्हणजे नेटवर्कवरची मशिनं. तीन वर्षं एक पंधरा-वीस ओळींची बॅश स्क्रिप्ट चालू आहे. क्रॉन, म्हणजे वेळेवर कामं लावणारा प्रोग्राम, दर पाच मिनिटांनी तिला उठवतं, ती फाइलमधून आयपी वाचते, प्रत्येक यजमानाला एक पिंग मारते, म्हणजे "आहेस का?" विचारते, सेकंदभर थांबते, आणि जो यजमान मेला त्याचं नाव मला मेलवर येतं. खर्च शून्य. आणि साहेब, तुमचं झॅबिक्स पिंग करतं तेव्हा आतून काय चालवतं ठाऊक आहे ना? एफपिंग, पिंगचाच भाऊ! नागिओस म्हणून झॅबिक्ससारखंच दुसरं आहे, त्याचं चेक म्हणजे तरी काय, एक चिमुकला प्रोग्राम, त्याने ० परत दिला तर ठीक, १ तर इशारा, २ तर बोंब. म्हणजे पेज आमचीच, तुम्ही फक्त चांदीच्या वाटीतून पिताय.

स्लो म्हणाल तर, हो, २५४ पत्ते एकामागून एक केले आणि सगळेच बंद निघाले तर चार मिनिटांच्या वर जातात. पिंगच्या ओळीला शेवटी अँपरसँड लावा, लूपखाली वेट लिहा, सगळे पिंग एकदम सुटतात, दोन-तीन सेकंदांत सगळं उरकतं. एवढं येत नसेल त्यांनी दुसऱ्याला जुगाडू म्हणू नये.

पर्वरीचा_घाटी:
तो ज्ञान देणारा मीच. पोरखेळ म्हटलं, परत म्हणतो. पिंग म्हणजे दारावरची टकटक, आतून कोणी "ओ" दिली म्हणजे चूल पेटलीय असं नाही. आमच्याकडे डेटाबेस दुपारी बसला, पिंग मस्त चालू, स्क्रिप्ट खूश, अकाउंट्सची माणसं माझ्या टेबलाभोवती उभी. उलटंही होतं, विंडोजचा फायरवॉल पिंगला उत्तरच देत नाही, मशीन ठणठणीत आणि तुमच्या यादीत मेलेलं. आणि विंडोजवरून स्क्रिप्ट चालवाल तर आणखी मजा, मधल्या राउटरने "डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल" म्हणून उत्तर दिलं तरी तिथला पिंग एररलेव्हल ०, म्हणजे "सगळं ठीक", देतो, कारण उत्तर आलं ना! कुणाचं का असेना.

डिस्क भरत चाललीय हे पिंग सांगतं का? गेल्या महिन्याचा आलेख दाखवतं का? आणि तुम्ही नोकरी सोडल्यावर ती पंधरा ओळींची पोथी कोण वाचणार?

म्हापशाची_बाय:
एक मिनिट. "जो यजमान मेला त्याचं नाव मला मेलवर येतं"??? मी चहा पीत होते हो, कीबोर्डवर सांडला. आमच्या सासूबाई मामंजींना यजमान म्हणतात.

कुळागर_फोंडा:
हसा. मराठीत कोणी शब्द वापरला की हसायचं, ही आपली खोड. होस्टला यजमान यात चूक काय?

पर्वरीचा_घाटी:
चूक ही की यजमान पाहुण्याला जेवू घालतो. नेटवर्कातला होस्ट कुणाला काही घालत नाही, ज्याला आयपी पत्ता आहे तो होस्ट, कोपऱ्यातला प्रिंटरसुद्धा. आता प्रिंटरला यजमान म्हणू?

कुळागर_फोंडा:
आमच्याकडे यजमान म्हणजे संकल्प सोडून, दक्षिणा देऊन कोपऱ्यात गप्प बसणारा माणूस. प्रिंटर तेच करतो, कागद खातो आणि बसतो. शब्द अगदी फिट आहे. राउटरला मार्गक म्हणा, पिंग जी इको रिक्वेस्ट पाठवतो तिला प्रतिध्वनी-विनंती म्हणा, काय बिघडलं? गोव्याचा १९८७ चा राजभाषा कायदा झाला तेव्हापासून इथे मराठीला...

म्हापशाची_बाय:
आलं! १९८७ आलं! पिंगपासून सुरू करून इतक्यात पोचलो. आता कोणीतरी कोंकणीवाला येईल आणि पहाटेपर्यंत चालेल. बाबांनो, पिंग हे नावच मुळी आवाजावरून आहे, १९८३ च्या डिसेंबरात माइक म्यूस नावाच्या माणसाने ते लिहिलं, पाणबुडीचं सोनार टिंग करून परत ऐकतं तसं. त्याचं काय करणार, "टणत्कार"?

कुळागर_फोंडा:
टणत्कार वाईट नाही.

मळ्यातला_मी:
अरे माझ्या स्क्रिप्टवर बोला. यजमान मी गमतीत लिहायला लागलो, आता सवय झाली, सोडणार नाही.

घाटीसाहेब, सर्व्हिस बघायची तर एनसी कमांडला मायनस झेड देऊन पोर्ट उघडा आहे का बघा, वेबसाइट असेल तर कर्लने स्टेटस कोड काढा, २०० म्हणजे ठीक, तो नाही आला की बोंब मारा. दोन ओळी वाढल्या, झालं. आणि आपल्याच लॅनवर असाल तर रूट घेऊन एनमॅप मायनस एसएन चालवा, तो एआरपीने, म्हणजे "हा आयपी कुणाचा?" अशी लॅनवर हाक मारून, विचारतो, त्याला विंडोजचा फायरवॉल पण नाही म्हणू शकत नाही. आलेख बघायला मला वेळ नाही, माझ्याकडे आलेख बघणारा साहेबही नाही.

म्हापशाची_बाय:
दोन ओळी वाढल्या म्हणे. मी किनारपट्टीवरच्या एका हॉटेलात नेटवर्क बघते, माझं ऐका. जून लागला की खारट दमट हवेने बाहेरच्या ॲक्सेस पॉइंटचे पिन हिरवे पडतात, लिंक येते जाते येते जाते. तुमच्यासारखीच एक पिंगवाली स्क्रिप्ट होती. चवथीच्या आदल्या रात्री मी स्टुलावर चढून माटोळीला, गणपतीच्या वर टांगतात त्या फळांच्या चौकटीला, नारळ बांधत होते, खाली फोन टिंग टिंग टिंग, सदतीस मेल. अर्धे "मेला", अर्धे "जिवंत". वाय-फायवर एखादं पॅकेट हरवणं ही बातमी नसते हो! तीनदा विचारा, तिन्ही वेळा गप्प राहिला तर उठवा मला. आणि कालपासून मेलेला असेल तर दर पाच मिनिटांनी सुतक कळवू नका. झॅबिक्समध्ये हे बसल्या जागी ठरवता येतं. स्क्रिप्टमध्ये करायला गेलात तर आधी मागची स्थिती लक्षात ठेवणारी स्टेट फाइल येते, मग दोन स्क्रिप्ट एकदम चालू नयेत म्हणून लॉक फाइल, मग एक दिवस तुम्हीच खराब झॅबिक्स लिहून बसलेले असता.

मळ्यातला_मी:
तीनदा विचारायचं हे मान्य. आनंद झाला?

वीज_गेली_परत:
मी एवढा वेळ वाचत होतो. मागच्या नोकरीत मला वारसाहक्काने अशीच स्क्रिप्ट मिळाली. लिहिणारा कधीच दुबईला. पावसाच्या तोंडाला वीज कडाडली, वरच्या मजल्याचा स्विच जळून वास सुटला, बावीस मशिनं बंद. आणि सकाळी मेल काय, "सर्व ठीक". एकूण एक ठीक! दोन तास डोकं खाजवलं. त्याने पिंगचं आउटपुट ग्रेपला, म्हणजे मजकूर शोधणाऱ्या कमांडला, देऊन "०% पॅकेट लॉस" शोधलं होतं.

आता सगळं मेल्यावर पिंग काय छापतो? "१००% पॅकेट लॉस".

सुरुवातीचे १० झाकून मोठ्याने वाचा.

पर्वरीचा_घाटी:
हाहाहाहा. १०० मधला शेवटचा ०. म्हणजे तो ग्रेप जन्मात कधी हरणारच नाही, जिवंतालाही जुळतो, मेल्यालाही.

मळ्यातला_मी:
मग तो शेलचा दोष आहे का? लिहिणाऱ्याचा आहे. पिंग स्वतः एक्झिट कोड देतो ना, लिनक्सवर उत्तर आलं तर ०, नाही आलं तर १, इफमध्ये सरळ पिंग घाला, ग्रेप करायची गरजच काय. आमच्या एका पोराने तर स्क्रिप्ट मॅकवर नेली, तिथे किती थांबायचं ते सांगणारा मायनस डब्ल्यू मिलिसेकंदात असतो, एक सेकंदाच्या जागी एक मिलिसेकंद थांबून अख्खं वेर्णा मेलं म्हणून मला फोन केला. तो पण शेलचा दोष?

वीज_गेली_परत:
दोष कुणाचा ते राहू दे. तुमच्या त्या तीन वर्षांच्या स्क्रिप्टमध्ये ग्रेप आहे की एक्झिट कोड?

कुळागर_फोंडा:
मधेच एक, "पॅकेट लॉस"ला मी "पुडकेगळती" सुचवतो.

म्हापशाची_बाय:
कुळागरबाब, आता नको. मळ्यातले, उत्तर?

मळ्यातला_मी:
घरी आहे, सर्व्हरवर जाऊन बघावं लागेल. जेवून बघतो.

पर्वरीचा_घाटी:
घरूनच एसएसएचने सर्व्हरवर शिरायला जेवण आड येतं हे आजच कळलं.

वीज_गेली_परत:
तीन वर्षांत "मेला" असा मेल किती वेळा आला?

मळ्यातला_मी:
बघितलं. ओळ १४.

आता एक्झिट कोड लावलाय, तीनदा विचारायचं पण घातलंय. चालवल्याबरोबर वेर्ण्याचे चार यजमान मेलेले दिसतायत, त्यातला एक बहुतेक गेल्या पावसापासूनचा. झॅबिक्स मी तरीही टाकणार नाही.