विनोदी लेखकानं इम्प्रोव्ह करावं की टेबलाशी बसावं?

तालीमवेडा (पुणे)
परवा एका कार्यशाळेत एका ज्येष्ठ पटकथालेखकांनी मला बजावलं, "इम्प्रोव्ह, वेब सिरीज, गाणी, सगळीकडे हात घालू नकोस. विनोद लिहायचा तर दार लावून लिही." मला हे अजिबात पटलेलं नाही. लिहिणाऱ्यांची मतं हवीत.

माझ्या मते ही तीन कामं मुळात एकच आहेत. इम्प्रोव्ह म्हणजे संहिता न लिहिता, ऐनवेळी सुचेल तसा प्रवेश करणं. त्याच्या सरावात आम्ही समोर बसलेल्यांकडून एक जागा मागून घेतो. कुणीतरी ओरडतं, 'स्वारगेट, शेवटची गाडी गेलेली.' माझा जोडीदार येतो आणि म्हणतो, "काका, तुमची बॅग हलतेय." आता ती हलतेय हे मला मानावंच लागतं. नाही म्हटलं की प्रवेश तिथेच मेला. मी बॅगेवर बसतो, म्हणतो, "हलू दे, सांगलीपर्यंत झोपेल." झालं, आम्ही दोघं एका गुपितात अडकलो. हेच मी घरी लिहीत असतो तर बॅगेत काय आहे ते सांगण्यातच पान खर्ची पडलं असतं. तिथे कुणीही विचारलं नाही, आणि न विचारण्यातच गंमत होती. पुढे त्यावरून वेब सिरीजच्या एका एपिसोडची सुरुवात झाली.

गाण्याचंही तसंच. उभ्याउभ्या गाणं रचताना ओळीचा शेवटचा शब्द आधी धरायचा आणि ओळ मागून बांधत यायची. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळे हशाचा शब्द 'आहे'च्या अलीकडेच अडकून पडतो. गाण्यात क्रियापद पुढे सरकवता येतं आणि तो शब्द नेमका समेवर पडतो. ही सवय लागल्यापासून माझे साधे संवादही सुधारलेत.

संहितावादी (ठाणे)
मी बरीच वर्षं वाहिन्यांसाठी प्रहसनं लिहितोय. बॅगेचा प्रसंग चांगलाच आहे, पण तिथले लोक का हसले याचा विचार करा. तुम्हाला ते आत्ता, डोळ्यांदेखत सुचतंय, पुढच्या क्षणी तुम्ही आपटू शकता, हे त्यांना दिसत होतं. हशातला अर्धा वाटा त्या जोखमीचा असतो. कॅमेरा लागला की ती जोखीम गेली. लोकलमध्ये मोबाइलवर बघणाऱ्याला तुम्ही ते ऐनवेळी रचलंत की महिनाभर घासलंत, याच्याशी घेणंदेणं नाही. त्याच्या हातात फक्त वाक्य उरतं, आणि ते वाक्य स्वतःच्या बळावर उभं राहावं लागतं.

दुसरं म्हणजे शेवट. इम्प्रोव्हमध्ये हशा आला की कुणीतरी दिवे घालवतं आणि प्रवेश संपतो. एपिसोडला अशी सोय नाही. नवीन मुलांच्या संहिता माझ्याकडे येतात, त्यात सुरुवाती एकाहून एक असतात आणि शेवट कुठेच नसतो. 'सेटवर बघू' म्हणून सोडून दिलेलं असतं. सेटवर मग नट बघतो, आणि लेखकाचं पान बाजूला पडतं. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण लेखकाची किंमत आपल्याकडे आधीच कमी आहे.

नेरूरपार
इम्प्रोव्ह म्हणजे बाहेरून आलेलं नवं काही, असं धरून बोलणं चाललंय म्हणून लिहितो. आमच्या सिंधुदुर्गात दशावताराला आजही लिहिलेली संहिता नसते. आख्यान कुठलं आणि कोण कुठलं पात्र करणार एवढं ठरतं, रंगरंगोटी होते, आणि पुढे रात्रभर सगळी भाषणं उभ्याउभ्या. पेटीवाले बुवा प्रसंगाचा कल ओळखून पद उचलतात, पखवाज आणि झांज त्यांच्यामागे जातात. नट भाषणात अडखळला तर बुवाच त्याला सावरतात. तेव्हा संगीत आणि उत्स्फूर्त बोलणं एकमेकांपासून तोडता येत नाही, हे तालीमवेडा यांचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य.

पण ते चालतं कशावर? नटाला पुराणं पाठ असतात. समोर बसलेल्या म्हाताऱ्यालाही कथा ठाऊक असते. शेवट दोघांनाही माहीत, म्हणून मधल्या वाटेत कितीही भटकता येतं. वेब सिरीजला अशी कथा कुणी आयती देत नाही. त्यामुळे नुसत्या सरावानं भागणार नाही, वाचन हवं.

कलम अठरा
मी मनोरंजन क्षेत्रातले करार तपासतो. कलेचं तुम्ही बघा, मी हक्काचं सांगतो.

पानावर लिहिलेली संहिता मुंबईतल्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवता येते. तालमीत पाच जणांनी मिळून काढलेला प्रसंग कोणाचा? वाद झाला की ज्याच्याकडे कागद त्याचं ऐकलं जातं. म्हणून तालीम संपली की त्याच रात्री प्रसंग लिहून काढा, कोणाचं काय ते मेलवर टाका.

गाण्याकडे जोडधंदा म्हणून बघू नका. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर चित्रपटातल्या किंवा ध्वनिमुद्रणातल्या गीत-संगीतावरचा रॉयल्टीचा वाटा निर्मात्याला लिहून देऊन टाकता येत नाही. तरुण लेखक मानधनाचा आकडा बघून सही करतात आणि हा हक्क वाचतसुद्धा नाहीत.

आणि महाराष्ट्रात नाटकाची संहिता प्रयोगाआधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते. या पूर्वपरीक्षणाला अमोल पालेकरांनी २०१६ मध्ये उच्च न्यायालयात आव्हान दिलं होतं. संहिताच नसलेल्या प्रयोगानं काय जमा करायचं, हा प्रश्न इम्प्रोव्हवाल्यांनी वेळीच विचारात घ्यावा.

तालीमवेडा (पुणे)
मेलचा सल्ला आजपासूनच पाळणार. नेरूरपार, पुढच्या जत्रेला दशावतार बघायला नक्की येतो.

संहितावादी सर, जोखमीचा मुद्दा बिनतोड आहे. पण म्हणून इम्प्रोव्ह सोडा, हे त्यातून निघत नाही. शिकागोची 'सेकंड सिटी' बघा, १९५९ पासून चालू आहे. तिथे ठरलेला कार्यक्रम संपला की त्यानंतर उत्स्फूर्त प्रवेश करतात. त्यातले चालतील ते निवडतात, पुन्हा पुन्हा घासतात आणि पुढच्या कार्यक्रमात पक्के बसवतात. तिथे इम्प्रोव्ह हा लिखाणाचा पहिला खर्डा असतो. मला तेच हवंय.

संहितावादी (ठाणे)
म्हणजे टेबल तुम्हाला मान्य आहे, आनंद वाटला. मग एक करा. तालमीला उभं राहण्याआधी एपिसोडचा शेवटचा प्रसंग लिहून भिंतीवर लावा. गाण्यात तुम्ही शेवटचा शब्द आधी धरताच ना? मग प्रसंगात का नाही?

तालीमवेडा (पुणे)
कारण गाण्यात ताल मला धरून ठेवतो. ओळ किती मात्रांची ते आधी ठाऊक असतं, मी भरकटूच शकत नाही. प्रसंगात समोर माणूस असतो. शेवट भिंतीवर लावला की आम्ही दोघंही एकमेकांचं ऐकणं सोडून तिकडेच ढकलत जाणार. शेवट लिहायला मी तयार आहे, पण तालमीनंतर, आणि टेबलाशी तो प्रसंग करणारे नटही बसलेले हवेत.

संहितावादी (ठाणे)
नट टेबलाशी बसू देत, हरकत नाही. पण शेवटाची तारीख तालमीनंतरची ठेवलीत तर तो कधीच लिहून होणार नाही. शूटिंगची तारीख लेखकासाठी थांबत नाही, हे मी डोळ्यांनी पाहत आलोय.