शुइनार्डने कंपनी ‘देऊन टाकली’ म्हणजे कागदावर नेमकं काय केलं?

वळसा:
ईव्हाँ शुइनार्डबद्दल दोनच गोष्टी फिरून फिरून वाचायला मिळतात. एक, तरुणपणी मांजरांच्या खाण्याचे चेपलेले डबे स्वस्तात घेऊन डोंगरात राहणारा भटक्या. दुसरी, २०२२ मध्ये सुमारे तीन अब्ज डॉलरची ‘पॅटागोनिया’ ही कपड्यांची अमेरिकी कंपनी पृथ्वीच्या नावे करणारा म्हातारा. मधली साठेक वर्षं गायब.

मला तीन गोष्टी हव्या आहेत. १९७२ मध्ये त्याने स्वतःचाच खपणारा माल बंद केला, त्याचं तांत्रिक कारण काय? शेअर नेमके कुणाकडे गेले आणि कर कुठे लागला? आणि पुण्या-नाशकातली एखादी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी हेच करू शकते का? सुविचार कृपया नकोत.

कातळवाट:
पहिल्या प्रश्नाचं उत्तर पोलादात आहे.

कपारीत ठोकायच्या मेखा (पिटॉन) तेव्हा युरोपातून यायच्या, त्या मऊ लोखंडाच्या. ठोकली की ती कपारीचा आकार घेते आणि काढायला गेलं तर बऱ्याचदा डोळा (कडी अडकवायचं भोक) तुटतो. आल्प्समध्ये मेखा भिंतीतच सोडायची पद्धत, त्यामुळे तिथे अडायचं नाही. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीच्या भिंतींवर मात्र चढाई कित्येक दिवस चालते. तिथे प्रत्येक टप्प्यावर मेख सोडून चालत नाही, तेवढं लोखंड वाहणार कोण? जॉन सालाथे या लोहाराने कठीण पोलादाच्या मेखा आधीच करून दाखवल्या होत्या. शुइनार्डने १९५७ मध्ये भंगारातून कोळशाची भट्टी आणि १३८ पौंडांची (साधारण ६३ किलो) ऐरण आणली. पहिल्या मेखा कापणीयंत्राच्या जुन्या पात्यातून घडवल्या, मग क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाकडे वळला. तासाला दोन व्हायच्या, दीड डॉलरला एक. युरोपातली मेख याच्या कितीतरी स्वस्त, तरी लोक हीच घ्यायचे, कारण ती आकार न सोडता कपारीत दाबून बसते आणि काढून पुन्हा वापरता येते.

गोम इथेच आहे. काढायची म्हणजे डावी-उजवीकडून आलटून पालटून हातोडा मारून सैल करायची. दर वेळी कपारीची कड थोडी झडते. गर्दीच्या वाटेवर हे वर्षानुवर्षं झालं की बारीक भेगेच्या जागी बोट जाईल एवढी भोकं पडतात. जो गुण म्हणून माल खपला, त्यानेच ग्रॅनाइट खाल्लं.

१९७० पर्यंत शुइनार्ड आणि टॉम फ्रॉस्ट यांची कंपनी चढाईच्या सामानात अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होती आणि धंद्याचा सुमारे ७० टक्के भाग मेखांचा होता. १९७२ च्या कॅटलॉगात त्यांनी मेखांचं नुकसान उघड लिहिलं आणि गिर्यारोहक डग रॉबिन्सनचा, नट (हातोडा न मारता कपारीत अडकवायचे धातूचे तुकडे) कसे वापरावेत यावरचा १४ पानी लेख छापला. पाचरीच्या आकाराचे स्टॉपर आणि षटकोनी हेक्सेंट्रिक, दोन्ही अॅल्युमिनियमचे नटच, विक्रीला तयार होते. काही महिन्यांत मेखांची मागणी ओसरली. ‘तत्त्वासाठी धंद्यावर पाणी सोडलं’ असं जे लिहितात ते हा भाग वगळतात: पर्याय आधी हातात होता, शिकवणं सोबत होतं, बंद करणं त्यानंतर.

नट बसवताना चूक कुठे होते तेही सांगतो. कपार खाली अरुंद होते त्या जागी वरून सरकवून खाली झटका देऊन बसवायचा. दोन्ही अंगं दगडाला पूर्ण टेकली पाहिजेत. तो एकाच दिशेची ओढ धरतो. दोर बाजूला किंवा वर ओढला गेला की अलगद सुटून येतो. म्हणून नट आणि दोर यांच्यामध्ये लांब स्लिंग (पट्टीचा फास) लावतात आणि पहिल्या नटाच्या जोडीला वरची ओढ सोसणारा उलटा नट. आपल्या बेसॉल्टमध्ये सलग कपारी कमी आणि दगड सुटा, त्यामुळे सह्याद्रीत मेखा आणि बोल्ट गेलेले नाहीत. योसेमिटीचा नियम लिंगाण्यावर डोळे मिटून लावू नये.

पिंजण:
मधली वर्षं थोडक्यात. अवजारांत नफा विक्रीच्या एक टक्क्याच्या आसपास, म्हणून कपडे आले: १९७० मध्ये स्कॉटलंडहून आणलेला जाड कॉलरचा रग्बी शर्ट, १९७३ मध्ये ‘पॅटागोनिया’ हे नाव. अवजारांची कंपनी १९८९ मध्ये अपघातांच्या दाव्यांमुळे दिवाळखोरी-संरक्षणात गेली. कर्मचाऱ्यांनी मालमत्ता विकत घेतली आणि त्यातून ‘ब्लॅक डायमंड’ उभी राहिली. कपड्यांकडे वाढ इतकी भरधाव होती की १९९१ च्या मंदीत बँकेने कर्जमर्यादा आखडली आणि ३१ जुलैला १२० जणांना, म्हणजे पाचातल्या एकाला, घरी पाठवावं लागलं.

कापूस मात्र नीट बघण्यासारखा आहे. १९९४ मध्ये ठरवलं की १९९६ पासून सगळा सुती माल सेंद्रिय कापसाचा. दलालाकडे तेवढा माल नव्हता, म्हणून थेट शेतकऱ्यांशी बोलणी झाली. जिनिंग आणि सूतगिरणीवाल्यांना या थोड्या गाठींसाठी यंत्रं आधी आणि नंतर साफ करायला राजी करावं लागलं, नाहीतर साधा कापूस मिसळतो. फवारणी नाही म्हणून मावा जास्त. माव्याचा चिकटा रुईवर राहतो आणि कताईच्या रुळांना गुंडाळतो. बँकॉकच्या एका गिरणीने कताईआधी कापूस गोठवून ही अडचण सोडवली. भाव वाढणारच होता, तेव्हा सुती कपड्यांचे प्रकार ९१ वरून ६६ वर आणले. विदर्भात सेंद्रिय कापसाचे प्रकल्प करणाऱ्यांनी हा क्रम बघावा: शेत सोपं, जिनिंगपासून पुढे अडतं.

ताळेबंद:
दुसरा प्रश्न. शेअर दोन प्रकारांत विभागले. मतदानाचे शेअर, एकूण मालकीच्या २ टक्के, ‘पॅटागोनिया पर्पज ट्रस्ट’कडे गेले, म्हणजे माणसांऐवजी एका उद्देशासाठी असलेल्या ट्रस्टकडे. बिनमताचे ९८ टक्के ‘होल्डफास्ट कलेक्टिव्ह’ या ना-नफा संस्थेकडे. नियंत्रण पहिल्याकडे, लाभांश दुसऱ्याकडे. धंद्यात परत गुंतवून उरलेला नफा, वर्षाला सुमारे १० कोटी डॉलर असा अंदाज होता, पर्यावरणाच्या कामाला जातो.

साधं धर्मादाय फाउंडेशन का नाही? कारण अमेरिकी कायद्यात फाउंडेशन आणि त्याच्याशी संबंधित कुटुंब मिळून एखाद्या कंपनीचे साधारण २० टक्क्यांहून जास्त मतदानाचे शेअर धरू शकत नाहीत. होल्डफास्ट अमेरिकी करकायद्याच्या ५०१(सी)(४) वर्गातली संस्था आहे, तिला ही मर्यादा नाही. तिला राजकीय प्रचारावरही खर्च करता येतो. त्या बदल्यात देणाऱ्याला आयकरात वजावट नाही. ट्रस्टला दिलेल्या २ टक्क्यांवर कुटुंबाने सुमारे १.७५ कोटी डॉलर गिफ्ट टॅक्स भरला.

‘दान’ म्हणताना हेही ध्यानात असू द्या: कंपनी विकून पैसे वाटले असते तर भांडवली नफ्यावर प्रचंड कर बसला असता, तो या मार्गाने टळला. आणि मतदानाच्या ट्रस्टवर कुटुंबाचा वचक आहेच.

तिसरा प्रश्न: जसंच्या तसं नाही. (कलमं १९६१ च्या आयकर कायद्याची देतोय, २०२५ च्या कायद्यात क्रमांक बदललेत.) १८८२ च्या भारतीय न्यास कायद्यात खासगी ट्रस्टला लाभार्थी लागतो, फक्त ‘उद्देश’ लाभार्थी होऊ शकत नाही, धर्मादाय न्यास वगळता. खासगी ट्रस्टला फुकट शेअर दिले तर ५६(२)(एक्स) खाली किंमत त्याचं उत्पन्न धरली जाते. नोंदणीकृत धर्मादाय न्यासाला ती अडचण नाही, पण न्यासाने पैसे कशात ठेवावेत याची जी यादी कलम ११(५) मध्ये आहे, तिच्यात खासगी कंपनीचे शेअर बसत नाहीत. दानात आले तर ज्या आर्थिक वर्षात मिळाले ते संपल्यापासून एका वर्षात विकावे लागतात, नाहीतर १३(१)(डी) ची बाधा, म्हणजे न्यासाच्या करसवलतीवर गदा. टाटा ट्रस्टांकडे टाटा सन्सचे सुमारे ६६ टक्के शेअर आहेत याचा दाखला लोक देतात. पण १ जून १९७३ ला न्यासाच्या मूळ निधीत असलेल्या मालमत्तेला वेगळी सूट आहे. आज नवी कंपनी त्या दारातून आत जाऊ शकत नाही.

वळसा:
मग छोट्या कंपनीच्या हातात उरतं काय? विक्रीच्या एक टक्क्याचं काय? तेही त्याचंच ना?

ताळेबंद:
हो, २००२ मध्ये क्रेग मॅथ्यूजबरोबर सुरू केलेलं ‘वन पर्सेंट फॉर द प्लॅनेट’. टक्का विक्रीवर आहे, नफ्यावर नाही, म्हणून हिशेबात नफा कमी दाखवून सुटता येत नाही. पण आधी गणित करा. उलाढाल १० कोटी, निव्वळ नफा ४ टक्के म्हणजे ४० लाख. एक टक्का म्हणजे १० लाख, नफ्याचा चौथा हिस्सा. किराणा-वितरणासारख्या दीड-दोन टक्क्यांच्या धंद्यात तर हे झेपणारच नाही. २२ टक्के कराचा पर्याय (११५बीएए) घेतला असेल तर देणगीवरची ८०जी ची वजावटही नाही.

आपली सीएसआर (कंपन्यांनी सामाजिक कामावर खर्च करण्याची) सक्ती यापेक्षा वेगळी: तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के, आणि तीही नेटवर्थ ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा नफा ५ कोटी यांपैकी एक मर्यादा ओलांडली तरच.

नियंत्रणाचा भाग करता येतो. प्रायव्हेट कंपनी आपल्या नियमावलीत तशी तरतूद करून २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम ४३ मधून सूट घेऊ शकते आणि वेगळ्या मतदान हक्कांचे शेअर काढू शकते. त्याच कायद्याचं कलम ५(३) वापरून ‘नफ्याचा अमुक हिस्सा अमुक कामाला’ हे कलम सहजी बदलता येणार नाही असं रुतवता येतं. कंपनी आधीच चालू असेल तर प्रायव्हेट कंपनीत त्यासाठी सगळ्या सभासदांची संमती लागते. म्हणून बाहेरचा गुंतवणूकदार आत घेण्याआधी करा, नंतर एकच माणूस ते अडवू शकतो.