आरोप नाकारायचा, लढवायचा की नाकबूल करायचा?

(बोलणाऱ्यांच्या नावांऐवजी इथे त्यांच्या गावांची किंवा किल्ल्याची नावं आहेत.)

हरिपूर : माझा भाचा सांगलीत इंजिनिअरिंगला आहे. रात्री तो आणि त्याचे मित्र जीटीए रोलप्ले खेळतात, म्हणजे ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ या व्हिडिओ गेममध्ये एकेक पात्र होऊन वावरतात. मूळ खेळ २०१३चा, लॉस सँटोस नावाच्या काल्पनिक अमेरिकन शहरात घडणारा. फाइव्हएम नावाचं सॉफ्टवेअर वापरून लोक त्यावर स्वतःचे सर्व्हर चालवतात. कुणी पोलीस होतं, कुणी गॅरेजवाला, कुणी वकील, कुणी न्यायाधीश. पात्राला अटक झाली की पोलीस कलमं वाचून दाखवतो आणि विचारतो, गिल्टी की नॉट गिल्टी? गिल्टी म्हटलं की तिथल्या तिथे दंड आणि तुरुंग. यांच्याकडे शिक्षेचा एक महिना म्हणजे घड्याळातलं एक मिनिट. नॉट गिल्टी म्हटलं तर अर्ज करायचा, वकील द्यायचा, तारीख घ्यायची, पोलिसाच्या अंगावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण मागायचं.

आता त्यांनी नियम मराठीत आणायला घेतलेत आणि ‘हाऊ टू कॉन्टेस्ट चार्जेस’ हे पान माझ्याकडे आलंय. मी ‘आरोपांना आव्हान कसे द्यावे’ असं लिहिलं. भाचा म्हणाला, मावशी, हे बातम्यांसारखं वाटतं. मग ‘आरोप लढवणे’ केलं, तर त्याची आई म्हणते, निवडणूक लढवतात, खटला लढवतात, आरोप कोण लढवतं? दोघांचंही मला पटलं. काय लिहू?

औंध : ‘दोषारोप अमान्य करणे’. शुद्ध आणि नेमकं. आणि कृपा करून त्या पानावर कुठेही ‘आरोप लावला’ लिहू नका. तो हिंदीचा संसर्ग आहे. मराठीत आरोप करतात किंवा ठेवतात.

मिरज : मी तीस वर्षं फौजदारी कोर्टात लिपिक होतो. ‘अमान्य’ चालणार नाही. अर्ज मान्य किंवा अमान्य करतात ते न्यायाधीश, आरोपीच्या हातात ते नसतं. आमच्याकडे कागदावर ठरलेली वाक्यं असायची. दोषारोप वाचून दाखवला, समजला का? होय. गुन्हा कबूल आहे का? नाही. बोलताना सगळे म्हणायचे, ‘नाकबूल केलं’.

एक प्रसंग सांगतो. बांधावरून मारामारी झालेली. म्हातारा पिंजऱ्यात उभा राहून म्हणाला, ‘काठी मारली सायेब, खोटं बोलणार न्हाई. पण आदी त्यानं कुऱ्हाड उचलली. गुन्हा मी केल्याला न्हाई.’ समोरचा वकील लगेच उठला, कबुली आली म्हणून. न्यायाधीशांनी त्याला बसवलं आणि मला सांगितलं, ‘नाकबूल’ लिहा. स्वतःचा जीव वाचवायला मारणं हा गुन्हा होत नाही. तेव्हा ते भारतीय दंडविधानाच्या ९६ पासून पुढच्या कलमांत होतं, आता त्याजागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३४ पासून आहे. काठी कबूल, गुन्हा नाकबूल. हा फरक त्या अडाणी माणसाला आमच्यातल्या काहींपेक्षा जास्त कळत होता. पोरांना हे सांगा, ताई.

हरिपूर : काका, हे वाचून भाच्याने एक शंका काढली. दरोडा टाकलाय हे खेळाडूला माहीत असतं. मग पात्राने नाकबूल म्हणणं म्हणजे खोटं बोलणं झालं का? त्यांच्यात खेळाडूची माहिती पात्राने वापरायची नाही असा कडक नियम आहे. त्याला मेटागेमिंग म्हणतात. मागच्या महिन्यात एकाने दुसऱ्याच्या थेट प्रक्षेपणाचं चित्रण पुरावा म्हणून आणलं आणि न्यायाधीशाने ते घेतलं नाही.

वाई : मी वकिली करतो. शंकेचं उत्तर कायद्याच्या शब्दांतच आहे. सत्र न्यायालयातली प्रक्रिया बघा. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४पासून लागू झाली, तिचं कलम २५१, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं २२८. आरोपीला विचारायचं ते एवढंच : गुन्हा कबूल आहे, की खटला चालवून हवा? ‘मी निर्दोष आहे’ असं त्याच्याकडून वदवून घ्या, असं तिथे नाही. तो खटला चालवून मागतो. सिद्ध करायचं ओझं समोरच्यावर राहतं. म्हणून माझ्या मते पानाचं शीर्षक ‘खटला चालवून मागणे’ असावं.

त्याच्या आधीची पायरीही त्या पानावर वेगळी दाखवा. पुरेसं कारणच नसेल तर दोषारोप ठेवण्याआधी सोडायला सांगता येतं, कलम २५०. अधिकृत मराठी ‘विनादोषारोप सोडणे’, आम्ही बोलताना डिस्चार्ज म्हणतो. खटला पूर्ण चालून सुटला तर ती दोषमुक्ती. वर्तमानपत्रं दोन्हींना ‘निर्दोष सुटका’ म्हणून मोकळी होतात, याचा मला फार त्रास होतो.

अजिंक्यतारा : आपल्याकडे यासाठी जुने शब्द पडून आहेत. मराठेशाहीच्या निवाड्यांत अग्रवादी आणि पश्चिमवादी असायचे, म्हणजे वादी आणि प्रतिवादी. आधी दोघांकडून राजीनामा घ्यायचे, म्हणजे निवाडा मान्य करू असा लेखी करार. आज राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं! मग प्रत्येकाची तकरीर, म्हणजे निवेदन. हरणारा येजितखत लिहून द्यायचा, म्हणजे हार मान्य असल्याचा कागद. रामशास्त्री प्रभुणे आमच्या माहुलीचे. मुलांच्या कोर्टात ‘तकरीर देणे’ किती शोभेल.

वाई : यातले बहुतेक कागद वतनाच्या भांडणांचे, दादा. पाटीलकी कुणाची, हिस्सा किती. गुन्ह्याच्या आरोपाला ते शब्द चिकटवू नका. आणि तकरीर वाचून पोरं ‘तक्रार’ समजतील.

अजिंक्यतारा : समजू देत की. तक्रारीचा मूळ अरबी अर्थ पुन्हा पुन्हा म्हणणं असाच आहे. शिवाय स्वतःचं कोर्ट चालवणं ही आपल्या जिल्ह्याची जुनी गोष्ट आहे. १९४३ ते ४६ प्रतिसरकारची न्यायदान मंडळं गावोगाव होती, तेव्हा वाळवाही सातारा जिल्ह्यातच. माझी आजी वाळव्याकडची. ती म्हणायची, ‘मंडळापुढं म्हणणं मांडलं.’ आव्हान नाही, अमान्य नाही. म्हणणं मांडलं.

औंध : तकरीर, नाकबूल, राजीनामा, सगळं फारसी-अरबी. शिवछत्रपतींनी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश कशासाठी करवून घेतला?

मिरज : कोश झाला, तरी साडेतीनशे वर्षांनी तुम्ही ‘फिर्याद’च म्हणता ना? १९९८ला शासनाने खालच्या कोर्टांची भाषा मराठी केली. मी स्वतः दोषारोप, संपरीक्षा (म्हणजे खटला चालणं) असे शब्द टंकलेत. पक्षकार बाहेर येऊन बायकोला सांगायचा, ‘चार्ज फ्रेम झाला.’ शब्द माणसाला कळला पाहिजे, त्याची शिक्षा त्यावर ठरते.

औंध : कळण्यासाठी शिकवावं लागतं. आपण शिकवायचंच सोडलं. ‘आरोप’ बघा. रुह् म्हणजे उगवणं, त्यावरून रोपण, आरोपण. आरोप आणि शेतातलं रोप एकाच धातूचे. असा शब्द घरात असताना चार्ज कशाला?

वाई : मग ‘आरोप लावला’ला तुमचा विरोध का? रोप लावतातच की.

औंध : रोप लावतात, आरोप ठेवतात. धातू एक असला म्हणून क्रियापद एक होत नाही.

हरिपूर : शीर्षक तूर्त ‘गुन्हा नाकबूल असल्यास’ असं केलंय आणि खाली वाईच्या वकीलसाहेबांचं ‘खटला चालवून मागणे’ घेतलंय. पण अजून एक अडलंय. त्यांच्या नियमांत अमेरिकेतला ‘नो कॉन्टेस्ट’ पण आहे. म्हणजे गुन्हा कबूल करत नाही, पण लढतही नाही, शिक्षा द्या. याला काय म्हणू?

वाई : आपल्या कायद्यात तसा जबाब नाही. २००६पासून शिक्षेबद्दल तडजोडीची (प्ली बार्गेनिंग) तरतूद आहे, पण तिथे गुन्हा कबूलच करावा लागतो.

मिरज : ‘बिनतक्रार’ बघा. गुन्हा कबूल नाही, शिक्षा बिनतक्रार.

अजिंक्यतारा : रोपावरून आठवलं. आमच्या आजीकडे मिरचीच्या रोपाला रोप म्हणतच नसत, तरू म्हणत. ‘तरू लावला.’ हा संस्कृतातला झाडवाला तरूच का?

मिरज : आमच्याकडेही तरूच, तंबाखूचासुद्धा. आणि पाटणकडे भाताचा तरवा. हे दोन एकच असावेत.

औंध : एक असतीलच असं नाही. सविस्तर लिहितो.

हरिपूर : ‘बिनतक्रार’ भाच्याला दाखवला. त्याला वाटतं पोलिसाविरुद्ध तक्रार नाही असा अर्थ होतो. दुसरं काही सुचतंय का कुणाला? शनिवारी रात्री सुनावणी आहे.

अजिंक्यतारा : औंध, तरव्याचं आधी लिहा.