मदत हवी आहे : पाऊस व विहिरींच्या पाणीपातळीचे आलेख आणि त्यांवरील चर्चा

नमस्कार. मी एम. ए. भूगोलाच्या द्वितीय वर्षाचा विद्यार्थी असून सातारा जिल्ह्यातील पाऊस आणि भूजलपातळी या विषयावर लघुप्रबंध लिहीत आहे. पावसाची आकडेवारी महाबळेश्वर व माण तालुक्यातील दहिवडी येथील आहे, तर पाणीपातळीसाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या त्याच तालुक्यातील निरीक्षण विहिरींच्या नोंदी घेतल्या आहेत. गेल्या आठवड्यात सरांनी मसुदा परत केला. बहुतेक आलेखांखाली लाल शाईत एकच शेरा आहे : "वर्णन आहे, चर्चा नाही." विहिरींच्या आलेखाखाली मात्र "मे महिन्यात पाणी वाढते कसे?" असे विचारले आहे. जमिनीपासून पाण्यापर्यंतची खोली मी जशीच्या तशी स्तंभांत मांडली होती, त्यामुळे ऐन उन्हाळ्यातला स्तंभ सर्वांत उंच दिसत होता, हे तो शेरा वाचेपर्यंत माझ्या लक्षातही आले नव्हते.

दुसरी अडचण पावसाची आहे. महाबळेश्वरचा वार्षिक पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या वर आणि दहिवडीचा पाचशेच्या आसपास असल्याने एकाच आलेखात दहिवडीचे स्तंभ तळाशी चिकटलेल्या रेघेसारखे दिसतात. दोन बाजूंना दोन वेगळे य-अक्ष घेतले, तर दोन्हीकडे सारखाच पाऊस पडतो असा भास होतो. लघुगणकी प्रमाण (ज्यात १०, १००, १००० हे आकडे समान अंतरावर येतात) वापरावे, असे एका मित्राचे म्हणणे आहे. शिवाय जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे ५९४ मिमी पाऊस झाला होता. ती नोंद अपवादात्मक म्हणून वगळावी का?

आकृतीखाली मी सध्या असे लिहिले आहे : "आकृती क्र. ४ वरून असे दिसून येते की जुलै महिन्यात पाऊस सर्वाधिक आहे व मे महिन्यात पाणीपातळी सर्वांत खोल आहे." याच्या पुढे काय लिहायचे असते, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद :

आपला प्रश्न नेमका आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. पाणीपातळीचा य-अक्ष उलटा करावा, म्हणजे शून्य वर व खोली खाली, आणि अक्षावर "भूपृष्ठापासून खोली (मीटर)" असे स्पष्ट लिहावे. त्याहून मोठी चूक कदाचित अजून कोणी दाखवलेली नसावी. या विहिरी वर्षातून चार वेळा मोजतात : जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. महिन्यांची नावे अक्षर म्हणून भरून एक्सेलमध्ये रेषालेख काढला, तर चारही बिंदू समान अंतरावर पडतात. प्रत्यक्षात मे ते ऑक्टोबर हे अंतर पाच महिन्यांचे आहे आणि सगळा पावसाळा त्यातच येतो. म्हणून तारखा तारीख म्हणूनच भराव्यात, बिंदू ठळक ठेवावेत आणि जोडरेषा तुटक काढावी, कारण मधल्या काळात पाणी कसे चढले याची आपल्याकडे नोंदच नाही.

स्तंभालेखाला लघुगणकी प्रमाण लावू नये. स्तंभाची उंची शून्यापासून वाचली जाते आणि त्या प्रमाणात शून्य नसतेच. त्याऐवजी प्रत्येक ठिकाणचा पाऊस त्याच ठिकाणच्या दीर्घकालीन सरासरीपासून किती टक्के कमी-अधिक झाला, ते मांडावे. भारतीय हवामान विभाग सरासरीच्या १९ टक्के खाली-वरपर्यंतचा पाऊस सर्वसाधारण मानतो. त्या दोन आडव्या रेषा आखल्या की दहिवडीचे तुटीचे वर्ष लगेच नजरेत भरते. मूळ मिलिमीटर तक्त्यात द्यावेत.

ती ५९४ मिमीची नोंद वगळू नये. अनेकांची तारखेतही गल्लत होते : पर्जन्यमापकाची नोंद सकाळी साडेआठला होते, त्यामुळे २२ जुलैच्या सकाळपासून पडलेला तो पाऊस २३ तारखेपुढे लिहिलेला असतो. अर्थात माणच्या विहिरींचा त्या पावसाशी थेट संबंध नाही. मग महाबळेश्वर या लघुप्रबंधात नेमके कशासाठी आहे, हा प्रश्न मला आपल्या सरांपेक्षा जास्त सतावतो.

आता चर्चा. आपल्या वाक्यातले दोन्ही भाग आलेखात डोळ्यांना दिसतातच. चर्चा सुरू होते ती आलेख अपेक्षेप्रमाणे वागत नाही तिथून. पाऊस सर्वसाधारण असूनही एखादी विहीर ऑक्टोबरमध्ये भरली नसेल, तर पाऊस थोड्याच दिवसांत कोसळून वाहून गेला का, खाली मुरूम किती आणि अखंड काळा पाषाण किती, शेजारी विंधनविहिरी किती, हे तपासून लिहावे. उरमोडी धरणाचे पाणी माण-खटावच्या काही भागांत येऊ लागल्यापासून पाऊस आणि पातळी यांचा सरळ सहसंबंध गृहीत धरता येत नाही. जे तपासता आले नाही, ते "शक्यता" म्हणूनच नोंदवावे.

मूळ धागालेखक :

मनःपूर्वक आभार. अक्ष उलटा केला, तारखा पुन्हा भरल्या. एका विहिरीत एकाच वर्षी मार्चची पातळी जानेवारीपेक्षा वर असल्याचे आता दिसले; पूर्वीच्या आलेखात मी ती नोंदवतानाची चूक समजून पुढे गेलो होतो. त्या वर्षी कालव्याचे आवर्तन कधी सुटले होते, हे विचारण्यासाठी सोमवारी पाटबंधारे शाखेत जात आहे. महाबळेश्वरबद्दल सरांशी बोलतो.