मदत हवी आहे: शेवटच्या वर्षात लॉ क्लर्कशिपचा अर्ज करावा का?

गंजपेठकर

पुणे विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात बीए एलएलबीच्या पाचव्या वर्षाला आहे, नववं सत्र चालू. गुण ६१ टक्क्यांच्या आसपास. चौथ्या सत्रात एक विषय राहिला होता, पुढच्याच वेळी निघाला. पुढे जेएमएफसी (कनिष्ठ स्तर न्यायाधीशपदाची परीक्षा) द्यायची आहे. ते नाही जमलं तर शिवाजीनगर कोर्टात दिवाणी वकिली, एक ज्येष्ठ वकील ज्युनिअर म्हणून घ्यायला तयार आहेत. वर्गातले बरेच जण सर्वोच्च न्यायालयाच्या लॉ क्लर्क (न्यायाधीशांचा संशोधन सहायक) परीक्षेचा फॉर्म भरणार म्हणताहेत. अडचण अशी:

१. राहिलेल्या विषयामुळे अपात्र ठरेन का?
२. जेएमएफसीसाठीच्या तीन वर्षं वकिलीच्या अटीत क्लर्कशिपचं वर्ष धरतात की वाया जातं?
३. सत्र परीक्षा सांभाळून तयारी होते का?
४. शेवटी पुण्यातच वकिली करायची असेल तर दिल्लीत वर्ष घालवण्यात अर्थ आहे का?

जाणकारांनी कृपया सांगावं.

पेपरबुक

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. सर्वोच्च न्यायालयाची क्लर्कशिप आणि मुंबई उच्च न्यायालयाची क्लर्कशिप यांच्या अटी, निवड आणि काम, तिन्ही वेगळं आहे. कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन्हींची खिचडी फिरत असते.

सर्वोच्च न्यायालय: पदाचं नाव लॉ क्लर्क कम रिसर्च असोसिएट. करारावरचं, मुदतीचं काम. २०२४ आणि २०२५ च्या जाहिरातींत साधारण ९० जागा, महिना ८०,००० रुपये, वय २० ते ३२, अर्जाची फी ५०० रुपये. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात पाचव्या वर्षाला आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात तिसऱ्या वर्षाला असलेल्यांना अर्ज करता येतो, मात्र रुजू होण्याआधी पदवीचा पुरावा द्यावा लागतो. परीक्षेचे तीन भाग: बहुपर्यायी प्रश्न, लेखी उत्तरं, मुलाखत. पहिले दोन एकाच दिवशी. २०२४ मध्ये परीक्षा १० मार्चला होती, २०२५ मध्ये ९ मार्चला. अर्जाची मुदत तीनेक आठवड्यांचीच असते, त्यामुळे जानेवारी लागला की न्यायालयाच्या संकेतस्थळावरचं भरतीचं पान रोज उघडायचं. मागच्या वेळी निघालेल्या विषयाची इथे भीती नको.

मुंबई उच्च न्यायालय: तिथल्या जाहिरातींत पात्रता अशी येते की एलएलबीची अंतिम परीक्षा पहिल्याच प्रयत्नात किमान ५५ टक्क्यांनी उत्तीर्ण, किंवा एलएलएम. वय २१ ते ३०. निवड मुख्यतः मुलाखतीवर. अट अंतिम परीक्षेची आहे, चौथ्या सत्राची नाही, असं वाचता येतं. पण वाचता येतं आणि छाननीत तसंच वाचलं जातं यात अंतर असतं. जाहिरात आली की रजिस्ट्रीला (न्यायालयाच्या कार्यालयाला) लेखी विचारा आणि उत्तराची प्रत अर्जाला जोडा. गुणपत्रिकेवर प्रयत्नांची संख्या छापलेली असते, लपवायला जाऊ नका.

दुसरे_अपील

प्रश्न २ चं उत्तर हो, धरतात. ऑल इंडिया जजेस असोसिएशनच्या प्रकरणात २० मे २०२५ च्या निकालाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. त्याच निकालात न्यायाधीशांकडे लॉ क्लर्क म्हणून केलेलं काम त्या तीन वर्षांत मोजायचं असं स्पष्ट म्हटलंय. वकिलीचा काळ बार कौन्सिलकडच्या तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून मोजायचा, एआयबीई (नोंदणीनंतरची बार परीक्षा) पास झाल्याच्या तारखेपासून नाही.

महाराष्ट्रात पूर्वी चांगल्या गुणांचा ताजा पदवीधर थेट परीक्षेला बसू शकत होता. तेव्हा क्लर्कशिप म्हणजे एक वर्ष मागे पडणं, हा हिशोब बरोबर होता. आता तुम्हाला तसंही थांबायचंच आहे. एक वर्ष क्लर्कशिप अधिक दोन वर्षं शिवाजीनगर, झाली तीन.

कागद मात्र पहिल्या दिवसापासून जमवा. वकिलीच्या काळासाठी त्या न्यायालयाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचा दाखला लागतो, किंवा किमान दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाचा दाखला आणि त्यावर जिल्ह्याच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचं पृष्ठांकन. क्लर्कशिपसाठी रजिस्ट्रीचं अनुभव प्रमाणपत्र, त्यात 'पासून' आणि 'पर्यंत' दोन्ही तारखा हव्यात. 'सुमारे एक वर्ष काम केले' असलं मोघम पत्र पुढे छळतं.

गंजपेठकर

दोघांचेही आभार. सनद (वकिलीचा परवाना) कधी काढू? क्लर्कशिपआधी की नंतर?

दुसरे_अपील

बार कौन्सिलच्या नियमांत नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी आणि चालू सनद एकत्र चालत नाहीत. आधी सनद काढली तर रुजू होताना बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाला कळवून ती स्थगित करून घ्यायची, क्लर्कशिप संपली की पुन्हा चालू. नंतर काढली तर एक फेरी वाचते, पण वकिलीचा काळ त्या दिवसापासूनच सुरू होतो. क्लर्कशिपचं वर्ष स्वतंत्रपणे मोजलं जाणार असल्यामुळे बिघडत काही नाही. बिघडतं कुठे, तर रुजू होताना सनद चालूच ठेवली आणि त्याच काळात एखाद्या ओळखीच्याचं वकीलपत्र घेतलं, तिथे. ते करूच नका.

नोंदणी शुल्काबद्दल जुन्या मुलांचे आकडे ऐकून घाबरू नका. ३० जुलै २०२४ च्या निकालानंतर खुल्या प्रवर्गाला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये, यापेक्षा जास्त नोंदणी शुल्क घेता येत नाही.

जिनापायरी

चौथ्या प्रश्नावर कुणी बोलत नाहीये, आणि खरा प्रश्न तोच आहे.

सर्वोच्च न्यायालयातल्या क्लर्कचं मुख्य काम एसएलपीचे, म्हणजे अपिलाची विशेष परवानगी मागणाऱ्या याचिकांचे, ब्रीफ (सारांश) लिहिणं. नव्या दाखल झालेल्या याचिका सोमवारी आणि शुक्रवारी लागतात. म्हणजे शनिवार-रविवार आणि बुधवार-गुरुवारच्या रात्री फाइली वाचण्यात जातात. प्रत्येक पेपरबुकात, म्हणजे याचिकेच्या बांधीव फाइलीत, तारखांची यादी, खालचा निकाल, याचिका, मग पी-१, पी-२ अशी जोडपत्रं. त्यावरून एक-दोन पानांत सांगायचं: वाद काय, खालच्या दोन्ही न्यायालयांचं मत एकच आहे का, कायद्याचा प्रश्न खरंच आहे की वस्तुस्थितीलाच कायद्याचा सदरा घातलाय, ९० दिवसांच्या मुदतीपुढे उशीर किती आणि कारण काय. बाकी वेळात मोठ्या सुनावण्यांची टिपणं, संशोधन आणि निकालाच्या मसुद्यातले दाखले तपासणं.

याने वाचण्याचा वेग आणि नेमकेपणा असा वाढतो की जन्मभर पुरतो. पण वाटपाचा दावा, मनाईचा अर्ज, उलटतपास, दरखास्त (हुकूमनाम्याची अंमलबजावणी) यातलं काहीही हाताखालून जात नाही. तिथे दाव्याचा शेवट दिसतो. शिवाजीनगरला त्याची सुरुवात दिसते, लेखी कैफियत द्यायला प्रतिवादीने पाचव्यांदा मुदत मागितलेली असते तेव्हापासून.

म्हणून पुण्यात दिवाणी वकिलीच करायची असेल तर माझं मत मुंबई उच्च न्यायालयाच्या बाजूने. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं, पण त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग आहेत. पुणे जिल्हा अजून मुंबईकडेच. पुण्यातल्या अंतरिम आदेशाविरुद्ध राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ खालची रिट, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० खालचं दुसरं अपील, सगळं मुंबईच्या अपील शाखेत जातं. कुठलं दुसरं अपील दाखल करून घेण्याच्या टप्प्यावरच पडतं आणि का, हे आतून एक वर्ष पाहिलेला माणूस पुण्यात दावा लिहितानाच वेगळा लिहितो. मुद्दे निश्चित करतानाच त्याला अपील दिसत असतं.

अवांतर: महाराष्ट्रातून दिल्लीला गेलेल्या जमिनीच्या फाइलींत सातबारा आणि फेरफारांची इंग्रजी भाषांतरं जोडलेली असतात. 'वहिवाट' आणि 'मालकी' यांची गल्लत झालेलं भाषांतर मूळ पान वाचणाऱ्या मराठी क्लर्कलाच पकडता येतं. तेव्हा मराठी माध्यमातून आलोय म्हणून कुणी संकोचू नये.

पेपरबुक

जिनापायरी यांच्या सगळ्याशी सहमत, एक सोडून. उच्च न्यायालयाची जाहिरात तुमच्या वेळापत्रकाप्रमाणे येत नाही, आणि तिथे अंतिम परीक्षेचा निकाल आधी हातात असावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाचा अर्ज शेवटच्या वर्षात असतानाही करता येतो. दोन्हीकडे अर्ज करा, निवड नंतर. अर्जाच्या फीपुरत्या खर्चात पर्याय उघडा राहतो. ज्येष्ठ वकिलांना आत्ताच मोकळेपणाने सांगा की वर्षभर उशिरा येण्याची शक्यता आहे. बहुतेकांची हरकत नसते. जून महिन्यात अचानक कळलं तर मात्र असते.

पैशाचं बोलायचं तर बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकात शहरातल्या ज्युनिअरला महिना किमान २०,००० सुचवले आहेत. सुचवले आहेत, बंधन नाही. क्लर्कशिपमधून उरलेले पैसे पुढची दोन वर्षं तगवतात, हा मुद्दा लहान नाही.

फाइलवाचक

तयारीबद्दल. बहुपर्यायी भागासाठी वेगळा क्लास लावायची गरज नाही. आकलनाचे उतारे आणि कायद्याचे प्रश्न असतात. राज्यघटना, दिवाणी प्रक्रिया संहिता, मुदत कायदा, करार आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेले तिन्ही फौजदारी कायदे इतकं पक्कं हवं. जुन्या आणि नव्या कलमांचा तक्ता हाताने बनवा. छापील तक्ता डोक्यात राहत नाही.

मुलं मार खातात ती लेखी भागात. तिथे फाइल देऊन सारांश किंवा संशोधन टिपण लिहायला सांगतात. सराव असा करा: मुंबई उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावरून २०-२५ पानांचा निकाल घ्या. ४० मिनिटं वाचन, ३५ मिनिटं लेखन, मर्यादा ७५० शब्द, तेही इंग्रजीत. आठवड्याला तीन, दहा आठवडे, झाले तीस. शब्द मोजा. पहिल्या पाच-सहा वेळी वस्तुस्थितीतच ५०० शब्द संपतात आणि कायद्याच्या प्रश्नाला जागा उरत नाही. त्यावर उपाय म्हणजे प्रश्न आधी लिहायचा आणि त्या प्रश्नाला लागेल तेवढीच वस्तुस्थिती नंतर. दुसरी चूक म्हणजे पक्षकारांची नावं. याचिकाकर्ता खाली वादी होता की प्रतिवादी हे पहिल्या ओळीत सांगून टाका, नाहीतर तिसऱ्या परिच्छेदात तुम्हीच घोळ घालता.

ई-एससीआर या सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर त्याचे निकाल फुकट आहेत, तिथे शोधायची सवय लावा. कॉलेजच्या ग्रंथालयात एससीसी ऑनलाइन किंवा मनुपात्र (निकाल शोधायच्या सशुल्क सेवा) असेल तर पदवी संपायच्या आत वापरून घ्या. जाहिरातीत या साधनांवर शोध घेता येणं अपेक्षित असतं आणि मुलाखतीतही विचारू शकतात. राज्यघटनेचे अनुच्छेद १३६, १४१, १४२ नीट करा. एसएलपी सुरुवातीलाच फेटाळली तर खालचा निकाल त्यात विलीन होतो का, हा प्रश्न डोळे मिटून सोडवता आला पाहिजे. होत नाही, आणि का नाही ते २००० सालच्या कुन्हायम्मद विरुद्ध केरळ राज्य या निकालात आहे.

गंजपेठकर

निकालाची धास्ती आहे. दहाव्या सत्राचा निकाल लांबला तर?

फाइलवाचक

हीच खरी अडचण, आणि पुण्यातल्या मुलांची नेहमीची. निवड झाली की लगेच रजिस्ट्रीला लेखी कळवा, परीक्षा संपल्याचं कॉलेजचं पत्र जोडा. निकाल लागल्या दिवशी ऑनलाइन गुणपत्रिका, पाठोपाठ तात्पुरत्या पदवी प्रमाणपत्राचा अर्ज. पुनर्मूल्यांकनाला टाकलेला विषय असेल तर तो अर्ज आणि रुजू होण्याची तारीख यांचा हिशोब आधीच मांडा. आणि दहाव्या सत्रात विषय राहिला तर दोन्ही दारं बंद, त्यामुळे मार्चची परीक्षा झाली की क्लर्कशिप विसरून सत्राला लागा.

दुसरे_अपील

एक व्यवहाराची गोष्ट. मुंबईची मिळाली आणि डेक्कन क्वीनने रोज ये-जा करू असा विचार असेल तर सोडा. गाडी साडेदहाच्या सुमारास सीएसएमटीला पोचते, कोर्ट साडेदहाला बसतं आणि तुम्ही त्याआधी चेंबरमध्ये हवेत. दिल्लीत जंगपुरा, भोगल, लाजपत नगर या भागात खोली पाहा. जंगपुऱ्याहून व्हायलेट लाइनने मंडी हाउस, तिथून ब्लू लाइनवर पुढचंच स्टेशन सुप्रीम कोर्ट.

गंजपेठकर

ज्येष्ठ वकिलांशी आज बोलणं झालं, वर्षभर थांबायला तयार आहेत. म्हणाले, मुंबईची मिळाली तर जास्त बरं. दोन्हीकडे अर्ज करतोय. फाइलवाचक, पहिला सारांश ११४० शब्दांचा झाला, त्यातले ७०० वस्तुस्थितीचे.

फाइलवाचक

अपेक्षेपेक्षा बरा आहे. तोच निकाल परत घ्या, आता ५०० शब्दांत.