अनुभव धागा: गाडी बंद पडल्यावर येणार कोण? आरएसए निवडताना काय बघायचं

धागाकर्ता
पॉलिसीच्या नूतनीकरणाला एजंट हमखास विचारतो, "साहेब, आरएसए टाकू का?" (रोडसाइड असिस्टन्स, म्हणजे गाडी रस्त्यात बंद पडली तर मिळणारी मदत.) काहीशे रुपयांचा मामला असतो, आपण हो म्हणून मोकळे होतो. नेमकं काय घेतलं ते आंबोलीत बोनेट उघडल्यावर कळतं. जाणकारांनी लिहावं. 'अमुक कंपनी भारी, तमुक टुकार' छापाचे प्रतिसाद नकोत. कलमं, किलोमीटर, हत्यारं आणि काम कुठे अडतं ते हवं.

पॉलिसीवाचक
नवीन काही घेण्याआधी घरातले कागद काढा. एकाच गाडीवर दोन-तीन आरएसए चालू असणं सर्रास आहे. नव्या गाडीच्या वॉरंटीबरोबर बहुतेक कंपन्या पहिली काही वर्षं देतात, सर्वसमावेशक पॉलिसीत ॲड-ऑन म्हणून आणखी एक घुसलेलं असतं, काही क्रेडिट कार्डांवर तिसरं. ज्यांची नुसती थर्ड पार्टी पॉलिसी आहे त्यांना मात्र ॲड-ऑन सहसा मिळत नाही. त्यांनी स्वतंत्र कंपनीचं वार्षिक पॅकेज किंवा वाहन संघटनेचं सभासदत्व बघावं. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन 1919 पासून आहे, तिकडेही एकदा चौकशी करावी.

"विम्यात टोइंग असतंच की" हा गैरसमज फार आहे. खासगी कारच्या प्रमाणित पॉलिसीत गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत हलवण्याचा खर्च 1500 रुपयांपर्यंत धरलेला आहे, आणि तोही अपघातानंतरच. आकडा जुन्या टॅरिफच्या (ठरवून दिलेल्या विमा दरांच्या) काळातला, आजच्या फ्लॅटबेडच्या (अख्खी गाडी पाठीवर घेणाऱ्या सपाट ट्रकच्या) भाड्यापुढे किरकोळ. क्लच गेला, फॅनबेल्ट तुटला, बॅटरी बसली, यात अपघात कुठेच नाही, त्यामुळे तेवढेही मिळत नाहीत. आरएसए लागतं ते इथे. ते वापरल्याने नो क्लेम बोनसला सहसा धक्का लागत नाही, कारण दुरुस्तीचा दावा केलेलाच नसतो.

आता बारीक अक्षरं. '50 किमीपर्यंत टोइंग मोफत' असं असेल तर हे 50 कुठून मोजले ते शोधा. गाडी बंद पडली तिथपासून गॅरेजपर्यंत मोजत असतील तर उत्तम. क्रेन तिच्या अड्ड्यावरून निघून परत अड्ड्यावर जाईपर्यंत मोजत असतील, तर तुमच्या वाट्याला 20 सुद्धा उरणार नाहीत. वरच्या किलोमीटरचा दर लेखी मागा. मग बघा की 'जवळचं अधिकृत सर्व्हिस सेंटर' एवढीच मुभा आहे की तुमच्या मिस्त्रीकडे नेता येतं. वर्षातून किती वेळा, गाडीचं वय किती चालतं, विकत घेतल्यापासून किती दिवसांनी सेवा सुरू होते, हे पुढचे प्रश्न. काही पॅकेजमध्ये घरापासून ठरावीक अंतराच्या आत सेवाच नसते. बॅटरी तर बहुतेकांची सकाळी घराखालीच बसलेली सापडते!

टोचनमास्तर
कलमं ठीक आहेत, पण '24 तास, भारतभर' सगळेच छापतात. फोन उचलणारा दुसऱ्याच राज्यात बसलेला असतो, आणि येणारा माणूस चिपळूणचा, कराडचा नाहीतर सिन्नरचा क्रेनवाला. हा क्रेनवाला एका कंपनीला बांधलेला नसतो, तीन-चार कंपन्यांचे कॉल घेतो. ज्या कंपनीचं बिल वेळेवर निघतं आणि जी रिकाम्या फेरीचेही पैसे देते, तिच्या कॉलला गाडी आधी सुटते. बाकीच्यांना "साहेब, निघालोच, 20 मिनिटांत पोचतो."

म्हणून निवड उलटी करा. तुमची गाडी वर्षभर कुठल्या दोन-तीन रस्त्यांवर जास्त असते ते ठरवा. समजा पुणे-ताम्हिणी-माणगाव. त्या पट्ट्यातल्या दोन क्रेनवाल्यांना फोन लावा (नंबर हायवेच्या प्रत्येक भिंतीवर रंगवलेले असतात) आणि विचारा, कोणकोणत्या कंपन्यांचं काम घेता, पैसे कोण वेळेवर देतं? क्रेनवाले याबाबतीत अगदी मोकळेपणाने बोलतात. दोघांच्या तोंडी आलेलं नाव ते तुमचं. ॲपवरचे तारे गुडगाव-बंगळुरूच्या लोकांनी दिलेले असतात, माणगावला त्यांचा उपयोग शून्य.

त्यानंतर कंपनीच्या कॉल सेंटरला एकच प्रश्न टाका: "तुमचा माणूस मिळाला नाही आणि मी बाहेरून क्रेन बोलावली, तर किती परत मिळतील आणि त्यासाठी काय लागतं?" चांगल्या योजनेत मर्यादा आणि पद्धत ठरलेली असते: आधी केस नंबर, मग त्यांचा मंजुरीचा एसएमएस, मग जीएसटी बिल. मंजुरीशिवाय स्वतः क्रेन बोलावली की परतावा अडतो, हे नेहमीचं. तोंडी "हो सर, करून घ्या" याला काही अर्थ नाही, केस नंबरवर लेखी घ्या.

गिअरबॉक्स_उघडा
माझ्या मते पहिला प्रश्न गाडीचा प्रकार. मॅन्युअल, पुढच्या चाकांवर चालणारी साधी हॅचबॅक असेल तर कुठलीही योजना चालेल. पुढची चाकं उचलून अंडरलिफ्टने नेली तरी मागची नुसती फिरतात, हँडब्रेक सोडला म्हणजे झालं.

ऑटोमॅटिक, ऑल व्हील ड्राइव्ह किंवा ईव्ही असेल तर योजनेत 'फ्लॅटबेड' स्पष्ट लिहिलेलं हवं. टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या प्रकारांत तेल फिरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद ठेवून चाकं फिरवली की आतले भाग कोरडे घासतात. ऑल व्हील ड्राइव्हमध्ये दोन चाकं वर आणि दोन खाली ठेवली तर मधल्या कपलिंगची वाट लागते. ईव्हीत चाकं फिरली की मोटर वीज तयार करायला लागते. एएमटी (गिअर आपोआप बदलणारी यंत्रणा) आतून मॅन्युअलच असते, पण बॅटरी मेली आणि गाडी गिअरमध्ये अडकली तर ती न्यूट्रलला येत नाही. म्हणजे चाकं फिरणारच नाहीत.

अशा अडकलेल्या गाडीला चाकाखाली सरकवायचे स्केट लागतात. इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असेल तर आधी जंप (बाहेरच्या बॅटरीची वीज) देऊन तो सोडवावा लागतो. बूस्टर म्हणजे असा जंप द्यायची फिरती बॅटरी. कॉल करतानाच सांगा: "ऑटोमॅटिक आहे, बॅटरी पूर्ण बसली आहे, पार्किंग ब्रेक लागलेला आहे, फ्लॅटबेड, स्केट आणि बूस्टर घेऊन या." हे न सांगितल्याने हायड्रा (हुकला लटकवून उचलणारी क्रेन) येते, हुक बाहेर काढते आणि दीड तासाने परत जाते. हायड्राला कार लटकवू देऊ नका. बंपर, कंट्रोल आर्म, काहीही वाकू शकतं.

डिकीतल्या हत्यारांत एक जाड आट्यांचा हुक असतो. बंपरवरचं छोटं चौकोनी झाकण उचकटून तो आत घट्ट बसवायचा. काही गाड्यांत आटे उलटे असतात, म्हणजे डावीकडे फिरवून बसतो. जबरदस्ती केली तर आटे मरतात, मग फ्लॅटबेडवर विंचने (दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राने) ओढायला जागाच उरत नाही.

सोसायटी_सचिव
बेसमेंटमध्ये गाडी ठेवणाऱ्यांनी छताची उंची मोजून ठेवा. फ्लॅटबेड आत येत नाही, कॅबच अडते. बुटका अंडरलिफ्ट ट्रक किंवा स्केट लावून रॅम्पच्या तोंडापर्यंत काढावी लागते. 'बेसमेंट रिकव्हरी' धरलेली आहे का, की तिचे वेगळे पैसे पडतात, ते विचारा.

नुक्कड
ईव्हीबद्दल कोणी सविस्तर लिहील का? चार्ज संपल्यावर जागेवर चार्जिंग करून देतात का?

गिअरबॉक्स_उघडा
@नुक्कड, काही शहरांत फिरतं चार्जिंग आहे, पण त्यावर विसंबून योजना घेऊ नका. 'चार्ज संपल्यास जवळच्या चार्जरपर्यंत फ्लॅटबेड' हे वाक्य शोधा. काही ठिकाणी चार्ज संपणं ही मालकाची हयगय धरून वगळलेलं असतं. आणखी एक: मुख्य बॅटरी 70 टक्के भरलेली असली तरी छोटी 12 व्होल्टची बसली की ईव्ही जागीच ठार. मुख्य बॅटरी जोडणारे आतले कॉन्टॅक्टर (मोठे स्विच) त्या 12 व्होल्टवर जुळतात. तिथे टोइंग लागतच नाही, बूस्टर पुरतो. मात्र ईव्हीवरून दुसऱ्याच्या गाडीला जंप देऊ नका, बहुतेक उत्पादक मनाई करतात.

मल्टीमीटर
जागेवरच्या कामांबद्दल. 'मोफत' म्हणजे मजुरी मोफत, सामान आणि इंधन तुमच्या पैशाने.

बॅटरी: इंजिन बंद असताना 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी, 12 च्या खाली म्हणजे सेल्फची आशा सोडा. जंप दिल्यावर इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.5 दिसायला हवं. तेवढं नसेल तर अल्टरनेटर गेलाय, गाडी पुढच्या सिग्नलला पुन्हा बंद पडेल, त्यापेक्षा लगेच टोइंग मागा. आलेल्या माणसाकडे मल्टीमीटर नसेल तर तो नुसता केबलवाला आहे असं समजा. लाल वायर आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या धातूला, बॅटरीपासून लांब. ठिणगी पडली तर बॅटरीतल्या वायूजवळ नको म्हणून.

पंक्चर: बहुतेक योजनांत फक्त स्टेपनी बदलून देतात, पंक्चर काढत नाहीत. 2020 च्या नियमबदलानंतर काही गाड्या स्टेपनीशिवाय, ट्यूबलेस टायर, दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्ती किटवर येतात. अशी गाडी असेल तर 'टायर काढून नेऊन दुरुस्त करून आणणे' धरलंय का बघा. टायरच्या बाजूच्या भिंतीला चीर गेली तर किटचा उपयोग नाही. अलॉयला लॉकनट असेल तर त्याची चावी ग्लोव्ह बॉक्समध्येच ठेवा, ती नसली की आलेला मिस्त्री हात जोडतो.

इंधन: 5 लिटरपर्यंत आणून देणं ही नेहमीची मर्यादा. सीएनजी आणून देता येत नाही. सीएनजीवाल्यांनी पेट्रोलचा काटा तळाला जाऊ देऊ नये, बऱ्याच गाड्या सुरू होतात त्याच मुळी पेट्रोलवर. डिझेल गाडीत पेट्रोल पडलं असेल तर चावीही फिरवू नका. इग्निशन लागताच पंप ते पुढे ढकलतो. 'चुकीचं इंधन' बऱ्याच योजनांत टोइंगपुरतं धरतात, टाकी साफ करणं तुमच्या खर्चाने.

दर्यावर्दी
कोकणात येणाऱ्यांसाठी. मुरूड, दिवेआगर, किहीमच्या वाळूत रुतलेली गाडी आरएसएत बसत नाही. योजनांत 'वाहतुकीयोग्य रस्ता' अशी अट असते आणि पुळण म्हणजे रस्ता नव्हे. टोइंग वेगळं आणि रिकव्हरी वेगळी, हेही लक्षात घ्या. नाल्यात, साइडपट्टीच्या खाली गेलेली गाडी विंचने वर काढण्याचे पैसे बहुतेकदा वेगळे. मर्यादा किती तेवढी विचारा. भरती चढत असेल तर कॉल सेंटरशी वाद घालत बसू नका, गावातला ट्रॅक्टर बोलवा.

पाण्यात बंद पडलेल्या गाडीला सेल्फ मारायचा नाही. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आरएसए ती गाडी फक्त उचलून नेतं, इंजिनच्या खर्चाला इंजिन प्रोटेक्ट हे वेगळं ॲड-ऑन लागतं, आणि मुद्दाम सेल्फ मारलेला दिसला तर तिथेही अडवतात. 26 जुलै 2005 सारख्या दिवशी आरएसएवर विसंबू नका, नैसर्गिक आपत्ती बहुतेकदा वगळलेली असते.

समृद्धीप्रवासी
द्रुतगती मार्ग आणि समृद्धीवर बाहेरची क्रेन मनाला येईल तशी आत येऊन काम करू शकेलच असं नाही. तिथे आधी रस्त्याच्याच यंत्रणेला कळवायचं. राष्ट्रीय महामार्गावर 1033, जिवाचा प्रश्न असेल तर 112. त्यांची क्रेन गाडी लेनमधून बाहेर सुरक्षित जागी काढते, पुण्या-नाशिकपर्यंत सोडत नाही. पुढचा टप्पा आरएसएचा. म्हणजे दोन फोन, याच क्रमाने. लोकेशन सांगताना किलोमीटरचा दगड आणि कुठल्या दिशेची बाजू ते सांगा. चुकीच्या बाजूला निघालेल्या क्रेनला पुढच्या इंटरचेंजवरून वळून यावं लागतं.

बर्मिंगहॅमकर
इंग्लंडातल्या मराठी मंडळींसाठी थोडक्यात. इथे आधी ठरवा की कव्हर माणसाला हवं की गाडीला. घरात दोन जुन्या गाड्या आणि चालवणारे दोघं असतील तर माणसावरचं सोयीचं, कोणाच्याही गाडीत लागू होतं. इथल्या आरएसए कंपन्यांपैकी एए आणि आरएसीचे स्वतःचे पॅट्रोल (फिरते) मिस्त्री आहेत, ग्रीन फ्लॅग मुख्यतः स्थानिक गॅरेजांकडून काम करून घेतं. सगळ्यात स्वस्त पायरीत घराजवळची मदत नसते, 'होम स्टार्ट' वेगळं घ्यावं लागतं. दरमहा फी घेणाऱ्या बँक खात्यासोबत कव्हर आलंय का तेही तपासा.

टोचनमास्तर
गाडी ताब्यात देताना लोक घाई करतात म्हणून एवढं लिहितो. चारही बाजूंचे फोटो, ओडोमीटर, इंधनाचा काटा आणि स्टेपनीचा फोटो काढा, क्रेनवाल्याच्या कागदावर जुने ओरखडे लिहून घ्या. पट्टे टायरवरून बांधायला सांगा, सस्पेन्शनच्या दांड्यांना नाही. टोल कोण भरणार ते आधी ठरवा. फ्लॅटबेडवरच्या गाडीचा फास्टॅगही नाक्यावर वाचला जाऊ शकतो, म्हणून मेसेज बघत राहा. कामाचा ओटीपी गाडी गॅरेजच्या फाटकात उतरल्यावरच द्यायचा. रात्री सर्व्हिस सेंटर बंद असेल तर गाडी क्रेनवाल्याच्या यार्डात थांबते. त्या रात्रीचं भाडं आणि सकाळची दुसरी फेरी योजनेत आहे का, हे कोणी विचारत नाही, आणि बिलात सगळ्यात मोठी ओळ बऱ्याचदा तीच असते.