जपानमध्ये स्त्रिया रोजगारात आल्या, तरी जन्मदर का घसरला?

प्रश्न (अभ्यासमंडळ):
जपानवर एक टिपण तयार करत आहे. शिंझो आबे यांच्या सरकारने २०१३ पासून स्त्रियांना रोजगारात आणण्याचे धोरण राबवले आणि १५ ते ६४ वयोगटातील ७० टक्क्यांहून अधिक स्त्रिया आज काम करतात. तरीही एकूण जननदर (एका स्त्रीला आयुष्यात सरासरी किती मुले होतात तो आकडा) २०२३ मध्ये १.२० पर्यंत उतरला. स्त्रिया घराबाहेर पडल्या म्हणून मुले कमी झाली, असा निष्कर्ष काढावा का?

उत्तर १ (जुना वाचक):
काढू नये, कारण त्या घराबाहेर पडल्या तरी घरातले काम काही त्यांच्या मागून सुटले नाही. २०२१ च्या सरकारी पाहणीनुसार सहा वर्षांखालील मूल असलेल्या घरात पत्नी घरकाम व संगोपनात दिवसाला ७ तास २८ मिनिटे घालवते, तर पती १ तास ५४ मिनिटे. शिवाय ही विभागणी केवळ रूढी नसून कायद्यानेही ती जपली आहे. १ एप्रिल १९८६ रोजी रोजगारातील समान संधीचा कायदा लागू झाला आणि त्याच दिवशी अशी निवृत्तिवेतन योजनाही लागू झाली, की पगारदार पतीवर अवलंबून असलेल्या पत्नीने हप्ता न भरताही तिला मूळ निवृत्तिवेतन मिळावे. एका हाताने दार उघडायचे आणि दुसऱ्या हाताने कडी लावायची, असाच हा प्रकार म्हणावा लागेल.

उत्तर २ (तोक्योकर):
वरील मुद्द्याला प्रत्यक्षातली जोड देतो. माझी पत्नी एका सुपरमार्केटच्या तयार पदार्थांच्या विभागात अर्धवेळ काम करते. वर्षअखेरीस गर्दी सर्वाधिक असते, पण नेमक्या त्याच वेळी तिथल्या अनुभवी जपानी बायका आपल्या पाळ्या कमी करून घेतात. कारण वार्षिक उत्पन्न १३ लाख येनांच्या पुढे गेले (मोठ्या आस्थापनांत ही मर्यादा याहूनही खाली असते), तर पतीच्या आरोग्यविम्यातून नाव निघते, स्वतःचे हप्ते सुरू होतात आणि हाती येणारी रक्कम उलट घटते. दुकानाला माणसे हवी आहेत, बायकांना काम येते, तरीही तास वाया जातात. नोकरदार स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक अशाच अर्धवेळ किंवा कंत्राटी स्वरूपाच्या कामांत असल्याने आपला ७० टक्क्यांचा आकडा जपूनच वापरावा. मात्र त्यांतल्या काहींना ही व्यवस्था सोयीची वाटते, हेही सांगायला हवे. पती रात्री दहाच्या आत घरी येत नसेल, तर पूर्णवेळ नोकरी त्यांनी करावी तरी कशी?

उत्तर ३ (लोकसंख्याशास्त्राची विद्यार्थिनी):
दोन्ही उत्तरांशी सहमत आहे, पण समानता आली की पाळणे हलू लागतील, हे गृहीतकही टिकत नाही. पित्यांच्या रजेची आणि पाळणाघरांची उत्तम सोय असलेल्या फिनलंडचा जननदर २०२३ मध्ये १.२६ होता, म्हणजे जपानपेक्षा थोडाच वर. त्यामुळे आपल्या टिपणात अर्थव्यवस्था आणि लोकसंख्या हे मुद्दे वेगळे ठेवावेत. कौशल्य असलेली स्त्री कमी तास काम करते, हा आर्थिक तोटा थेट दाखवता येतो. जन्मदराचा संबंध मात्र अधिक गुंतागुंतीचा आहे. जपानमध्ये विवाहाबाहेरील जन्म जेमतेम दोन टक्के असल्याने लग्ने घटली की जन्म घटणारच. म्हणून विवाहित जोडप्यांना किती मुले होतात, याआधी मुळात लग्नच का टाळले जाते हे तपासा. पत्नी होणे म्हणजे वर दिलेले साडेसात तास पत्करणे असेल, तर निदान काही तरुणींचे उत्तर तिथेच सापडेल.